जिरे सोडायच्या आधी पाणी मुरू द्या



मत्स्यजिरे आणायचे दिवस आले की "पाण्यात काय टाकू?" हा मेसेज ठरलेला. माझं मत विचाराल तर आपण कमी नाही, जास्तच टाकतोय, आणि एक औषध दुसऱ्याचं काम बिघडवतंय.

ब्लिचिंग पावडरचं घ्या. तळ्यातले नको असलेले मासे मारायला ती चालते. एक गुंठा क्षेत्र आणि एक मीटर पाणी असेल तर साधारण साडेतीन किलो. पण तिच्याने चांगले-वाईट सगळेच जिवाणू मरतात. मग रिकाम्या पाण्यात आधी कोण वाढतं? नांगरून मोकळ्या सोडलेल्या रानात आधी तणच माजतं ना, तसंच. झपाट्याने वाढणारे उपद्रवी जिवाणू पुढे, हळू वाढणारे स्थिर जिवाणू मागून. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी समुद्री माशांच्या पिल्लांसाठी १९९० च्या दशकात हेच मांडलं, की पाणी आधी मुरवा, मग पिल्लं सोडा.

आपलं रोहू-कटल्याचं जिरं तीन दिवसांचं, ६ ते ८ मिलिमीटरचं. तोंड नुकतंच उघडलेलं. पाण्यात जे जिवाणू असतील तेच त्याच्या आतड्यात आधी जाणार. त्यात प्लास्टिकच्या शेततळ्यात तळाला मातीही नाही, म्हणजे चांगले जिवाणू बसायला अजून वेळ लागतो.

म्हणून ब्लिचिंगनंतर आठ-दहा दिवस थांबाच. मग शेण आणि भुईमूग पेंडीची स्लरी द्या, पाण्याला रंग येऊ द्या. प्रोबायोटिक द्यायचं तर तेव्हा. क्लोरीन शिल्लक असताना पुडी ओतली तर अक्षरशः पैसे पाण्यात. ट्रायकोडर्मा दिला त्याच दिवशी आपण बुरशीनाशकाची आळवणी करतो का? इथे मात्र दुकानदार दोन्ही पुड्या एकाच पिशवीत देतो आणि आपण आणतो.

जिरे सोडल्यावर "काळजी म्हणून" दर आठवड्याला पोटॅशियम परमँगनेट टाकणंही मला पटत नाही. बसलेली घडी पुन्हा मोडते. प्रोबायोटिकसोबत गूळ ओतताना हात आखडता ठेवा. गूळ जास्त झाला की जिवाणू एकदम वाढतात, ऑक्सिजन खातात आणि पहाटे जिरे वर येऊन तोंड मारायला लागतात.

चांगल्या तळ्यातही ३० ते ५० टक्के जिरे जगलं तर ठीक मानतात. त्याहून कमी जगलं की आपण "बीजच खराब होतं" म्हणून मोकळे होतो. आधी पाण्यात काय काय, कधी टाकलं ते वहीत बघा.

ज्यांचं ब्लिचिंग झालंय त्यांनी तारीख आणि पाण्याचा फोटो पाठवा. जिऱ्याची गाडी बोलवायच्या आधी हाप्यात थोडं जिरं सोडून एक दिवस बघा.