क्लच गेलाय म्हणे!

"क्लच गेलाय साहेब" हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. गेलाय म्हणजे कुठे गेलाय? अहो, क्लच दोन प्रकारे बिघडतो आणि ते दोन्ही प्रकार एकमेकांच्या बरोब्बर उलटे आहेत. एक, तो नीट धरत नाही. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन बोंबलतं, पण गाडी काही पळत नाही. दोन, तो नीट सुटत नाही. लिव्हर पूर्ण दाबला तरी गाडी पुढे सरकत राहते आणि सिग्नलला न्यूट्रल सापडता सापडत नाही. पहिल्या प्रकारात प्लेटा झिजल्याचा संशय घ्या, बिनधास्त घ्या. पण दुसऱ्या प्रकारात, आणि तेही हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत, सुरुवात प्लेटांपासून करणाऱ्याच्या हातात पाना देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. (उद्धट वाटलं तर वाटू दे. १९ हजार माझे गेलेत.)

तर झालं असं. माझ्या मोटरसायकलला क्लचची वायर नाही. लिव्हरपाशी एक छोटा पिस्टन, तो फ्लुइड ढकलतो, फ्लुइड नळीतून खाली इंजिनपाशी दुसऱ्या पिस्टनला ढकलतं, तो एक दांडी ढकलतो आणि प्लेटा सुट्या होतात. वरचा मास्टर सिलिंडर, खालचा स्लेव्ह. संपलं. शाळेत पास्कलचा नियम पाठ केलेल्या कुणालाही कळेल इतकं साधं प्रकरण. द्रव दाबून लहान होत नाही, हवा होते. म्हणून नळीत हवा शिरली की लिव्हर स्पंजासारखा लागतो, तुमची अर्धी ताकद त्या बुडबुड्याला दाबण्यातच जाते आणि प्लेटा अर्धवटच सुटतात.

माझा लिव्हर मऊ लागायला लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. फ्लुइडची पातळी कमी होती, त्यांनी भरून दिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला निदान झालं: "प्लेटा संपल्यात, पूर्ण सेट टाकावा लागेल." मी, म्हणजे बारा वर्षं लोकांच्या कोडमधल्या चुका शोधून पोट भरणारा मनुष्य, मान डोलावून सही करून मोकळा झालो.

आता गंमत बघा. प्लेटा झिजल्या की हायड्रॉलिक क्लचच्या टाकीतलं फ्लुइड कमी होत नाही, उलट वर चढतं! ब्रेकच्या बरोब्बर उलट. झिजलेल्या प्लेटा आत सरकतात, दांडी मागे येते, स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि तेवढं फ्लुइड वर टाकीत परततं. म्हणजे पातळी घटतेय याचा अर्थ एकच, फ्लुइड कुठेतरी बाहेर चाललंय. आणि हा पुरावा त्यांच्याच तीन बिलांवर त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता, "फ्लुइड टॉप-अप" म्हणून. ना त्यांनी वाचला, ना मी.

नव्या प्लेटा टाकल्यावर गाडी आठ दिवस झकास चालली. हाच खरा घात. प्लेटा बदलताना त्यांनी नवीन फ्लुइड भरून एअर काढली होती, गुण त्याचा होता. एकाच वेळी दोन गोष्टी बदलायच्या आणि श्रेय महागडीला द्यायचं! हापिसात कुणी असं केलं तर आपण त्याला मीटिंगमध्ये सोलून काढतो.

नवव्या दिवशी नळ स्टॉपला सिग्नल लाल, गाडी पहिल्या गिअरमध्ये, लिव्हर मुठीपर्यंत दाबलेला आणि गाडी निघाली की पुढे. समोरून एक आजी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. पुढचा ब्रेक करकचून दाबला, इंजिन बंद पडलं, आजींनी माझ्याकडे पाहून दोन शब्द सुनावले. ते मी निमूट ऐकून घेतले. पण हात कापत होते, खोटं कशाला सांगू.

त्या रविवारी पार्किंगमध्ये बसलो. लिव्हर भराभर दहा वेळा पंप केला, कडक झाला. म्हणजे हवा आहे. मग दाबून धरून ठेवला, हळूहळू खाली बसत नव्हता. म्हणजे मास्टरचं सील बहुधा ठीक. मग पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढलं. स्लेव्ह तिथेच शेजारी असतो, चेनचं ग्रीस आणि रस्त्याचा चिखल खात. त्याच्या रबरी टोपीखाली बोट फिरवलं तर ओलं, काळं फ्लुइड. एवढं शोधायला पंचवीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा झाकणाचे स्क्रू शोधण्यात. सील किट नाना पेठेत साडेआठशेला मिळालं. एअर काढायला खालच्या निपलमधून सिरिंजने फ्लुइड वर ढकललं, कारण बुडबुड्याला तसंही वरच जायचं असतं. (फ्लुइड कुठलं ते टाकीच्या झाकणावर वाचा. माझ्या गाडीला डॉट ४ आहे, काही गाड्यांना मिनरल ऑइल लागतं. चुकीचं भरलंत तर सगळी सीलं फुगतील. आणि डॉट ४ रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.)

बिलं घेऊन भांडायला गेलो, तेव्हा तिथला ॲडव्हायझर शांतपणे म्हणाला, "साहेब, दोष शोधायला दोन तास लागले तर ते कशाखाली लावू? तुम्ही द्याल?" मुद्दा बिनतोड आहे. बिलात पार्टचा रकाना असतो, तो बसवण्याच्या ठरलेल्या मजुरीचा असतो, विचार करण्याचा रकानाच नसतो. आणि "चेकिंगचे ५००" लिहिले तर हुज्जत घालणारे आपणच. त्याच माणसाला चकचकीत खोक्यातला पार्ट दाखवा, तो १९ हजार हसत देतो. मान्य. पण म्हणून माझ्या अंगावर न लागणारा पार्ट घालायचा हक्क कुणाला मिळत नाही. मी त्याला सांगितलं, दोन तासांचे दोन हजार लाव, शोध आणि काय सापडलं ते लिहून दे. तो म्हणाला, "सिस्टीममध्ये असं टाकता येत नाही." सिस्टीम! म्हणजे ती पण आपल्यापैकीच कुणीतरी लिहिली असणार.

जुन्या प्लेटा मात्र मागून घेतल्या. व्हर्नियर लावून मोजल्या, सगळ्या मॅन्युअलमधल्या किमान जाडीपेक्षा जाड भरल्या. तशाच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या. परवा आईने त्यातली एक गरम कढईखाली ठेवलेली दिसली. बरोब्बर बसते म्हणाली.