गव्हाणीतली आशा

ख्रिसमस म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांना काय आठवतं? डेस्कवर चिकटवलेला कापसाचा बर्फ, सिक्रेट सांता आणि क्लायंट सुट्टीवर गेल्यामुळे शांत झालेला इनबॉक्स! मजा येते, नाही कशाला म्हणू? पण मी पडलो यवतमाळचा. आमच्याकडे डिसेंबरात शेतं पांढरी दिसतात ती खऱ्या कापसाने. आणि माझं मत विचाराल तर, नाताळ समजून घ्यायला मॉलपेक्षा हा कापसाचा मुलूख जास्त उपयोगाचा.

"पण हा आपला सण कुठे?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा चक्क मराठी ओव्यांत लिहिली. ते 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं १६१६ साली! रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन काही सोडलं नाही. आणि पुणेकरांनो, तुमच्या बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये आमच्या यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. म्हणजे आमच्याही आधी शिफ्ट झाली :)

असो. मूळ गोष्ट बघा, लूकच्या शुभवर्तमानातली. बादशहाचं नावनोंदणीचं फर्मान निघतं, म्हणून योसेफ दिवस भरलेल्या मरियेला घेऊन दूरच्या गावी जातो. उतरायला जागा मिळत नाही. बाळाला ठेवतात गव्हाणीत. आणि बातमी सगळ्यात आधी कळते कुणाला, तर रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. गव्हाण, मेंढरं, सरकारी नोंदीसाठी हेलपाटा... यातलं काहीही माझ्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

गंमत म्हणजे त्या रात्री परिस्थिती अजिबात सुधारत नाही. बादशहा तिथेच, गरिबी तिथेच. आनंद मात्र सुरू होतो.

ज्या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेलं, तिथे आनंदाच्या गप्पा कसल्या मारतोस, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. २५ डिसेंबरला कापसाचा भाव वाढत नाही, कर्ज फिटत नाही. आशा हा हमीभावाला पर्याय नाहीच. पण हमीभावासाठी भांडायलाही माणूस उभा राहावा लागतो, आणि उभं राहायला आशा लागते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्यांचं दुःख संपलं होतं म्हणून त्या मंचावर आल्या नव्हत्या. दुःखासकट आल्या, आणि आपल्यासारख्या बायांचं जगणं सगळ्यांसमोर मांडलं. मला नाताळची आशा म्हणतात ती अशीच दिसते.

आपण मात्र आनंद पुढे ढकलत राहतो. रिलीज झालं की, अप्रेझल झालं की, ऑनसाइट मिळालं की... सगळे बग फिक्स झाल्यावरच खूश व्हायचं म्हटलं तर ती तारीख कधी येतच नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तेव्हा मंडळी, या नाताळला केक जरूर खा. सोबत ज्याला कुठेच जागा मिळत नाही अशा एखाद्याला आपल्या टेबलावर जागा द्या. गोष्ट तिथूनच सुरू होते.

नाताळच्या शुभेच्छा!