दात पाहिलेत, आता पाणी तपासा

शाळेत दंततपासणी होते. पिवळे-तपकिरी डाग दिसले की मुलाला विचारले जाते, 'दात घासत नाहीस का?' शाळेत असताना मलाही हा प्रश्न वर्गासमोर विचारला गेला. राखेने घासले, मंजनाने घासले, डाग तसेच राहिले. ते घासून जाणारे नव्हतेच.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच त्याचे वरचे कवच बिघडते. ही घडण साधारण आठव्या वर्षापर्यंत चालते. म्हणजे दहावीतल्या मुलीच्या दातांवर तिने अंगणवाडीच्या वयात प्यायलेल्या पाण्याची नोंद असते. कीड हा वेगळा आजार. त्यासाठी दात घासायलाच हवेत. पण या डागांवरून मुलाला 'घाणेरडा' ठरवणे हा अन्याय आहे, आणि आपल्या मुलांना हा शब्द किती सहज चिकटवला जातो हे आपल्याला ठाऊक आहे.

देशात हा आजार १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतात नोंदला गेला. तेलंगणातील नलगोंडा तर त्यासाठीच ओळखला गेला. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची जी पद्धत काढली, तिला 'नलगोंडा पद्धत' म्हणतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतही हा प्रश्न आहे. उत्तर नव्हते असे म्हणता येत नाही.

भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पण खडक आणि खोली बदलली की एकाच गावातल्या दोन बोअरचे पाणीही वेगळे निघते. म्हणून नमुना गावच्या टाकीचा घेतला असेल, तर वस्तीच्या हातपंपाबद्दल तो काहीच सांगत नाही. ज्याला परवडते तो जारचे पाणी विकत घेतो. मजुराचे मूल हातपंपाचेच पिते.

आपल्या घरातले पहिले पदवीधर आपण आहोत. अर्ज लिहिता येतो, अहवाल वाचता येतो. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा स्रोतनिहाय अहवाल लेखी मागा. दिला नाही तर माहितीचा अधिकार वापरा. वस्ती, शाळा आणि अंगणवाडीच्या पंपांचे नमुने वेगळे घ्यायला लावा. फ्लोराइड जास्त निघाले तर ते पाणी पिण्या-रांधण्यासाठी बंद करून पर्यायी पाणी मागा. उकळून फ्लोराइड जात नाही, हेही घरोघरी सांगा.

माझ्या पिढीच्या दातांवरचे डाग आता पुसले जाणार नाहीत. आज अंगणवाडीत बसलेल्या लेकरांचे कायमचे दात मात्र अजून घडताहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरचा आपला हक्क बजावला. त्या पाण्यात काय आहे, हे विचारणे त्याच हक्कात येते.