आधी वायरमन, मग यूपीएस



घरून धंदा सुरू करणारे लोक मला खर्चाची यादी दाखवतात, तेव्हा ती साधारण सारखीच असते. कॉम्प्युटर, प्रिंटर, इंटरनेट, खुर्ची, व्हिजिटिंग कार्ड, लोगो. कुणी जरा विचार केलेला असेल तर यूपीएस. पण 'वायरमन' ही ओळ मला आजवर एकाही यादीत दिसलेली नाही. माझं म्हणणं सरळ आहे. तुमचं घर जुन्या इमारतीत असेल, तर यादीतली पहिली ओळ तीच हवी. कॉम्प्युटरच्याही आधी.

हे मी पैसे घालवून शिकलोय, म्हणून सांगतो.

माझी सुरुवात डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीत, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात झाली. तेव्हा मी छोट्या दुकानदारांचे हिशेब कॉम्प्युटरवर लिहून द्यायचो. फ्रिज सुरू झाला की कधीकधी कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत चालू व्हायचा. दुरुस्तीवाला आला, त्याने एसएमपीएस बदलला. चार महिन्यांनी परत बदलला. मग रॅम बदलली. मग कुणीतरी म्हणालं, यूपीएस घे. घेतला. तो दिवसभर टिक-टिक करत बॅटरीवर जायचा आणि परत यायचा. वर्षाच्या आत त्याची बॅटरी गेली.

आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हार्ड डिस्क गेली. तिच्यात एका किराणा दुकानदाराचा अख्ख्या वर्षाचा हिशेब होता आणि कॉपी कुठेच नव्हती. नऊ रात्री जागून बिलांच्या गठ्ठ्यावरून सगळं परत लिहिलं. काम दिलं, पण उशिरा. ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र काम घेऊन आले नाहीत.

त्यानंतर मी वायरमनला बोलावलं. त्याने स्विचबोर्ड उघडला आणि मला दाखवलं. न्यूट्रलच्या वायरचा जोड सैल होता, जळून काळा पडला होता, बाजूचं प्लॅस्टिक वितळलं होतं. फ्रिजने जास्त करंट ओढला की त्या सैल जोडावर व्होल्टेज पडायचं आणि कॉम्प्युटरला कमी मिळायचं. त्याने वायर कापली, नवीन टोक सोललं, स्क्रू घट्ट केला. अर्धा तास लागला. मजुरी साडेतीनशे रुपये. त्याआधी मी एसएमपीएस, रॅम, यूपीएस आणि डिस्क मिळून सात हजारांच्या आसपास घालवले होते. दुखणं भिंतीत होतं आणि मी औषध कॉम्प्युटरला देत होतो.

जाताना त्याने विचारलं, "साहेब, अर्थिंग कुठंय?" सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. भोक नुसतं शोभेला होतं.

जुन्या घरांमध्ये ही गोष्ट फार दिसते. थ्री-पिन सॉकेट बसवलेलं असतं, पण मागे दोनच वायरी. आणि इथेच आपली फसगत होते, कारण अर्थिंग नसलं तरी कॉम्प्युटर चालतो. मग आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पण कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का बघा. एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा करंट पत्र्यावर सोडतो आणि तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावा अशी रचना असते. वायरच नसेल तर तो तिथेच अडकतो आणि तुमच्या हातातून वाट शोधतो. आत काही बिघडून थेट फेज पत्र्याला लागली, तर प्रकरण झिणझिण्यांवर थांबत नाही. कॉम्प्युटरजवळ मुलंही बसतात, हे विसरू नका.

आता स्पाइक गार्डचं. चांगल्या स्पाइक गार्डमध्ये असे भाग असतात, जे व्होल्टेजचा झटका आला की तो बाजूला वळवतात. त्यातला काही झटका अर्थिंगमध्ये वळवायचा असतो. अर्थिंग नसेल तर त्याचं अर्धं काम थांबतं. आणि बाजारात स्पाइक गार्ड म्हणून मिळणाऱ्या कितीतरी पट्ट्या म्हणजे नुसते लाल बटण लावलेले एक्स्टेन्शन बोर्ड असतात. यूपीएससुद्धा अर्थिंग तयार करत नाही. तुमच्या सॉकेटमध्ये असेल तेच तो पुढे देतो. एमसीबी वायरिंगला वाचवतो, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी माणसाला वाचवतो. दोन्ही हवेतच, पण झटक्यापासून कॉम्प्युटरला वाचवणं हे त्यांचं काम नाही.

काहीही न उघडता तुम्ही स्वतः एवढं बघू शकता:

* मिक्सर किंवा फ्रिज सुरू झाला की दिवा मंद होतो का?
* सॉकेट किंवा प्लग गरम लागतो का, जळका वास येतो का, बटण दाबताना तडतड होते का?
* किटकॅट फ्यूज 'सारखा जातो' म्हणून कुणी त्यात जाड तार घातली आहे का? मग फ्यूजच्या आधी भिंतीतली वायर जळेल.
* एकाच पॉइंटवर एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन लावून सगळं चाललंय का?

यातलं एक जरी 'हो' असेल तर परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. त्याला मल्टिमीटरने तीन आकडे दाखवायला सांगा. फेज ते न्यूट्रल 230 व्होल्टच्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत. साध्या टेस्टरने फेज कळते, अर्थिंग कळत नाही. मग मेन बोर्डापासून कॉम्प्युटरच्या टेबलापर्यंत अर्थिंगसह वेगळी लाइन ओढून घ्या. कॉम्प्युटरसाठी 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. फ्रिज, इस्त्री, मिक्सर त्या लाइनवर नको. लेझर प्रिंटरही यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना खूप लोड घेतो.

एक जुगाड मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नका. सॉकेटमध्ये न्यूट्रलमधूनच अर्थच्या पिनला तार जोडून देणारे लोक आहेत. टेस्टला सगळं बरोबर दिसतं. पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी तुमच्या कॅबिनेटचा पत्रा 230 व्होल्टवर असेल. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडणंही तसंच चुकीचं.

आणखी एक. इमारतीचा मुख्य न्यूट्रल सैल झाला, तर काही घरांत दिवे एकदम प्रखर होतात आणि काही घरांत मंद. तेव्हा तुमच्या घरात येणारं व्होल्टेज 230 वरून 400 च्या दिशेने जाऊ शकतं. बघत बसू नका, मेन स्विच बंद करा. जुन्या इमारतीत व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडणारं कटऑफ बसवून घेणं म्हणूनच फायद्याचं. आणि वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा. झटका तिथूनही येतो.

आता तुमचा प्रश्न मला माहीत आहे. "सर, घर भाड्याचं आहे. मालकाच्या भिंतीत मी का पैसे घालू?"

प्रश्न रास्त आहे. आधी मालकाला सांगा, लेखी सांगा. सोसायटीचं अर्थिंग खराब असेल तर सेक्रेटरींना अर्ज द्या, कारण ते काम सगळ्यांचं आहे. पण दोघंही हलले नाहीत तर? माझं मत, स्वतः करा. लाइन भिंतीवरून पीव्हीसी पट्टीतून ओढता येते, भिंत फोडावी लागत नाही. तुम्ही मालकाचं घर सुधारत नाही आहात, तुमच्या कामाची जागा तयार करताय. दुकान भाड्याचं असलं तरी शटरला कुलूप आपणच लावतो ना?

आणि एवढं करूनही बॅकअप हवाच. एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, काम झालं की तिची वायर काढून ठेवायची. दुसरी ऑनलाइन. कॉम्प्युटर परत विकत मिळतो. गेलेलं गिऱ्हाईक बाजारात मिळत नाही.

या रविवारी लोगोचा रंग ठरवायच्या आधी वायरमनला फोन लावा. बोर्ड उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा आणि काय निघतं ते बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.