विश्लेषण: विंडोज 11 मध्ये घरातली शेअर केलेली हार्डडिस्क का उघडत नाही?

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि अनेक घरांतले लॅपटॉप विंडोज 11 वर गेले. त्यानंतर काही जणांना एक अडचण जाणवतेय. वायफाय राउटरच्या यूएसबी पोर्टला लावलेली हार्डडिस्क, जी काल घरातल्या सगळ्यांना दिसत होती, ती नव्या विंडोजमध्ये उघडतच नाही. डिस्क बिघडलीय का? बहुतेक वेळा नाही.

नेमकं काय बदललं?

नेटवर्कवरचे कॉम्प्युटर एकमेकांकडे फाइल मागतात, त्यासाठी ठरलेली एक पद्धत आहे: एसएमबी. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 अपडेटनं प्रो आवृत्तीत दोन नियम कडक केले. पहिला, प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही हवी. दुसरा, पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून प्रवेश बंद.

अनेक राउटरवरचं शेअरिंग मात्र गेस्ट पद्धतीनंच चालतं. सही पासवर्डवरून तयार होणाऱ्या किल्लीनं होते. पासवर्डच नसेल तर सही होणार कशी? म्हणून विंडोज दार बंद करतं.

इतका कडकपणा कशासाठी?

मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरस एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीतून दीडशेहून अधिक देशांत पसरला. पुढच्याच महिन्यात त्याच त्रुटीचा वापर करणाऱ्या 'नॉटपेट्या'नं उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज विस्कळीत केलं.

घरगुती डिस्कही सुटलेल्या नाहीत. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' डिस्क जगभरात एकाएकी फॅक्टरी रिसेट झाल्या. लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेले. या डिस्कला शेवटचं अपडेट 2015 मध्ये मिळालं होतं आणि त्या थेट इंटरनेटला जोडलेल्या होत्या. कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं: डिस्क इंटरनेटपासून तोडा.

प्रिंटरचं काय?

एका कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर शेअर केला की तो कॉम्प्युटर सुरू ठेवावा लागतो. शिवाय 2021 च्या 'प्रिंटनाइटमेअर' त्रुटीनंतर मायक्रोसॉफ्टनं शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनची परवानगी सक्तीची केली. प्रिंटरला वायफाय असेल तर तो थेट राउटरला जोडणं जास्त सोपं. मग प्रत्येक मोबाइल आणि लॅपटॉप त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलतो.

मग करायचं काय?

यूट्यूबवर 'दोन मिनिटांत उपाय' सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यात सही बंद करायला किंवा जुनं एसएमबी-1 सुरू करायला सांगतात. डिस्क उघडते, पण कुलूप काढून. त्याऐवजी हे करून पाहा:

- राउटरच्या सेटिंगमध्ये गेस्ट प्रवेश बंद करून यूजरनेम आणि पासवर्ड ठेवा.
- राउटरचं फर्मवेअर अपडेट करा. एसएमबी-2 किंवा 3 चा पर्याय असेल तर तो निवडा.
- विंडोजमध्ये घरच्या वायफायला 'प्रायव्हेट' आणि बाहेरच्या वायफायला 'पब्लिक' नेटवर्क ठेवा.
- बाहेरून डिस्क उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट अ‍ॅक्सेस, गरज नसेल तर बंद ठेवा.

राउटर इतका जुना असेल की यातलं काहीच जमत नाही, तर डिस्क थेट लॅपटॉपला लावून डेटा काढून घ्या आणि राउटर बदलण्याचा विचार करा.

आणि एक गैरसमज. राउटरला लावलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. फोटोंची एकमेव प्रत तिथेच असेल, तर एक चुकीचा क्लिक किंवा एक व्हायरस पुरेसा आहे. दुसरी प्रत अशा डिस्कवर ठेवा, जी काम झालं की वायर काढून कपाटात जाते. जी डिस्क कशालाच जोडलेली नाही, तिच्यापर्यंत नेटवर्कवरून कुठलाही हॅकर पोहोचू शकत नाही.