फुकटची किल्ली

जी वस्तू फुकट द्यावयाची, तिला नियम कशाला हवेत, असे पुष्कळांना वाटते. परंतु थोडा विचार केला तर दिसून येईल की, विकत मिळणाऱ्या वस्तूपेक्षा फुकट मिळणाऱ्या वस्तूच्या वाटणीलाच नियमांची गरज अधिक असते. विक्रीत किंमत हाच नियम असतो. दानात किंमत नसते. म्हणून तेथे न्यायबुद्धीला जागे राहावे लागते.

संगणकावरील खेळांचेच उदाहरण घेऊ. 'स्टीम' ही खेळांची प्रसिद्ध पेढी २००३ साली सुरू झाली. बाहेरून घेतलेला खेळ तिच्यावर उघडावयाचा, तर अक्षरे व अंक यांची एक सांकेतिक किल्ली लागते. ती एका खात्याला एकदा लागली की संपली. पुन्हा ती दुसऱ्यास देता येत नाही. २०१० पासून 'हंबल बंडल'सारख्या उपक्रमांतून अनेक खेळांचे गठ्ठे स्वस्तात मिळू लागले. त्यांतील एखादा खेळ ग्राहकापाशी आधीच असतो. मग ती जास्तीची किल्ली तो आपल्या खेळगड्यांच्या मंडळात देऊ करतो. किल्ली एक आणि इच्छुक अनेक, अशा वेळी ती कोणास मिळावी?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे, किल्ली चारचौघांत मांडावी आणि जो प्रथम धावेल त्याने ती घ्यावी. ज्याच्या हाती ससा तो पारधी! पण या शर्यतीत सर्व जण एका रेषेवर उभे नसतात. हिवाळ्यात लंडनला सायंकाळचे सहा वाजतात, तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. येथील मुलगा झोपेत असतो, यात त्याचा काय दोष? शिवाय, अशा किल्ल्या क्षणार्धात टिपणारे स्वयंचलित कार्यक्रमही काही जण चालवितात. मग दान माणसाच्या हाती न पडता यंत्राच्या तोंडी पडते.

याहून सोडतीचा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. नावे देण्यास एक-दोन दिवसांची मुदत असावी. एका माणसाचे एकच नाव घ्यावे. किल्ली विशिष्ट देशांतच चालत असेल, तर ते आधी सांगावे. सोडत सर्वांसमक्ष काढावी आणि किल्ली विजेत्यास खासगी रीतीने द्यावी. आपल्या मित्रास वगळून इतरांस नियम लावणे हा पंक्तिप्रपंच होय.

कोणी म्हणेल, किल्ली ज्याची, मर्जीही त्याचीच. हे खरे आहे. त्याने ती आपल्या भावास खुशाल द्यावी. परंतु 'सर्वांसाठी' असे म्हटल्यावर मात्र सर्वांना समान संधी देणे हे त्याचे कर्तव्य ठरते. मात्र याचकाकडून स्तुतीची अपेक्षा धरू नये. दानाबरोबर मिंधेपणा दिला तर दानाची शोभा जाते.

घेणाऱ्याचीही जबाबदारी लहान नाही. जो खेळ खेळावयाचा नाही, त्यासाठी नाव देऊ नये. मिळालेली किल्ली विकणे हा तर देणाऱ्याचा आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांचाही विश्वासघात होय. किल्ली लागली, एवढे कळवून दोन शब्दांनी आभार मानावेत.

किल्ली क्षुल्लक खरी. पण लहान वाटणीत जो समाज न्याय पाळावयास शिकतो, त्याच्यावरच मोठी वाटणी निर्धास्तपणे सोपविता येते.