निवेदनात आपलं गाव कुठं आहे, भाऊ?

पोस्ट मोठी आहे. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी, तिथं धंदा करणाऱ्यांनी आणि अमरावती-अकोल्यात लॉज, हॉटेल, टूर्स-ट्रॅव्हल्स चालवणाऱ्या सगळ्यांनी पूर्ण वाचावी. अर्धी वाचून कमेंट टाकू नये, ही विनंती.

परवा एका जुन्या मित्राचा फोन आला. परतवाड्याकडे त्याचं आठ खोल्यांचं लॉज आहे. म्हणाला, "भाऊ, व्हॉट्सॲपवर निवेदन पाठोलं पाय. सोमवारी कलेक्टर साहेबाले देनार आहोत. बातमी लावजो, फोटोसकट."

निवेदन उघडलं. दोन पानं. "परदेशातील पर्यटन प्रसिद्धीच्या निधीत केलेली कपात शासनाने तात्काळ मागे घ्यावी", "देशाची प्रतिमा", "परकीय चलन" वगैरे. खाली वीस-बावीस सह्या. दोन्ही पानं दोनदा वाचली. त्यात चिखलदरा हा शब्द नाही. मेळघाट नाही. नरनाळा नाही, लोणार नाही. सह्यांखालच्या पत्त्यात 'ता. अचलपूर' आहे, तेवढाच काय तो वऱ्हाड.

दिल्लीतल्या कोण्या संघटनेचं पत्र कुठून तरी मिळालं, मराठीत उतरवलं आणि आपल्या लोकांनी त्याखाली सह्या ठोकल्या, हे शेंबडं पोरगंही सांगेल.

आता आधी हे स्पष्ट करतो की दिल्लीवाल्यांची तक्रार खोटी नाही. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात परदेशातल्या प्रसिद्धीसाठी सुमारे ३३ कोटी होते. २०२५-२६ मध्ये ते ३ कोटी ७ लाखांवर आणले. पर्यटन मंत्रालयाची एकूण तरतूद अडीच हजार कोटींच्या वर, आणि त्यात जगाला "या" म्हणायला तीन कोटी! लंडन, न्यूयॉर्क, टोकियोसारख्या शहरांतली भारताची पर्यटन कार्यालयं २०२३ मध्येच बंद झाली. २०१९ साली देशात १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२४ मध्येही तो आकडा गाठता आला नाही. टूर ऑपरेटरांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सनं, यावर नाराजी जाहीर केली. परदेशी पाहुण्यांवरच ज्यांची चूल पेटते, ते बोलणारच.

जाहिरातीनं काही होत नाही, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथल्या मतदारांनी १९९३ मध्ये पर्यटन प्रसिद्धीसाठीचा छोटासा कर चालू ठेवायला नकार दिला आणि राज्याची जाहिरात थांबली. काही वर्षांतच अमेरिकेच्या पर्यटनातला त्यांचा वाटा सुमारे ३० टक्क्यांनी घसरला. डोंगर तिथंच होते, बर्फ तिथंच होता, लोक दुसरीकडे गेले. एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या गल्लीतली माणसं सुट्टी लागली की बैतूलवरून पचमढीला जातात. मध्य प्रदेशनं टीव्हीवर वर्षानुवर्षं जाहिरात केली, ती आपल्या घरात पोचली. आपला चिखलदरा मात्र पुण्या-मुंबईच्या घरात पोचला नाही. पुण्यातल्या माणसाला चिखलदरा म्हटलं की अजूनही विचारावं लागतं, "हे कुठं आलं?"

म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. तो ३३ कोटींचा निधी होता तेव्हा आपल्याले काय भेटलं? लंडनच्या त्या कार्यालयात नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाचं एखादं पोस्टर कोणी पाहिलं होतं काय? जे कधी आपल्या ताटात पडलंच नाही, ते कमी झालं म्हणून आपण काहून रडावं?

आपला हिशेब दिल्लीशी नंतर, आधी मुंबईशी आहे.

राज्यात एमटीडीसी रिसॉर्ट चालवते आणि प्रसिद्धी, महोत्सव, धोरण हे काम पर्यटन संचालनालयाकडे गेलं आहे. २०२४ मध्ये राज्याचं नवं पर्यटन धोरण आलं. दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक, १८ लाख रोजगार. आकडे वाचून छाती फुगते. मग २०२५ च्या मे महिन्यात सरकारनं महापर्यटन उत्सव केला. कुठं? महाबळेश्वरला. पर्यटनमंत्री शंभूराज देसाई साताऱ्याचे, महाबळेश्वरही साताऱ्याचं. तिथं उत्सव झाला याचं मला वाईट वाटत नाही, साताऱ्याच्या लोकांनी आपला मंत्री वापरून घेतला, शाबास. पण मे महिन्यात महाबळेश्वरला माणसं बोलवायला जाहिरात लागते काय? तिथं गाडी लावायला जागा नसते. गर्दी आहे तिथं प्रसिद्धी, प्रसिद्धी आहे तिथं पैसा, पैसा आहे तिथं पुन्हा गर्दी. आणि आपल्याला उत्तर ठरलेलं, "तुमच्याकडे पर्यटकच कमी येतात हो."

आपल्याकडे नाही काय? विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण आपलं. राज्यात कॉफी पिकते ती इथं. गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी वेलस्लीच्या हाताखाली घेतला. हाच वेलस्ली पुढं वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट आहे. लोणारचं सरोवर उल्कापातानं झालेलं, २०२० पासून रामसर यादीत. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी शकुंतला होती, १९२१ सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं त्या रुळावर. माथेरानची गाडी पोस्टरवर गेली, आपली शकुंतला बंद पडली आणि रुळांवर बाभळी उगवल्या.

विदर्भाचा अनुशेष हा शब्द ऐकत आपण म्हातारे होत आलो. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष मोजला. रस्ते मोजले, सिंचन मोजलं, शाळा-दवाखाने मोजले. पुढं केळकर समिती आली. वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हापासून मोजणारंच कोणी उरलं नाही. पण या सगळ्यात प्रसिद्धीचा अनुशेष कधी कोणी मोजला? राज्याच्या तिजोरीतून पर्यटनाच्या जाहिरातीवर जो रुपया खर्च झाला, त्यातले अमरावती विभागावर किती पैसे पडले? हा प्रश्न ना आमदारानं विचारला, ना आम्ही पत्रकारांनी. आम्ही विचारला नाही, कारण त्याच जाहिरातीवर आमचं पानही चालते. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

आता दुसरी बाजू. ती आपल्या लोकांना झोंबेल.

हरिसाल आठवते? धारणी तालुक्यातलं गाव. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजावाजा झाला. जाहिराती झाल्या. मग २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरेंनी "लाव रे तो व्हिडिओ" म्हणत तीच जाहिरात भर सभेत दाखवली, आणि जाहिरातीत झळकलेला तरुणच स्टेजवर उभा केला. राज्यभर हसू झालं. राजकारण सोडा. त्यात नुकसान कोणाचं झालं? गावाचं. ज्या गावाची खरी ओळख जंगल, सिपना नदी आणि कोरकू माणसं, ते गाव फसलेल्या जाहिरातीचं उदाहरण होऊन बसलं. सोय आधी नसेल तर जाहिरात अशी उलटते.

उलट शेगाव पाहा. गजानन महाराजांच्या संस्थाननं टीव्हीवर कोणता हिरो आणला? कोणता महोत्सव केला? लाखो लोक येतात, कारण तिथं संडास स्वच्छ असतो, रांगेत पाणी मिळते, सेवेकरी हात जोडून "माउली" म्हणतो. आलेला माणूस घरी जाऊन चार जणांना सांगतो. यापेक्षा मोठी प्रसिद्धी नाही, आणि ती आपल्याच विभागात आपल्या डोळ्यांसमोर उभी आहे.

आणि आपण काय करतो? पावसाळ्यातल्या शनिवारी बाराशेची खोली चार हजाराला देतो. घाटात गाड्या तुंबल्या की सरकारला शिव्या देतो, पण आपल्या लॉजसमोर दोन गाड्यांचीही जागा सोडत नाही. देवी पॉइंटवर बाटल्या पडतात, त्या उचलत नाही. मेळघाटात ताडोब्यासारखा वाघ सहज दिसत नाही, डोंगराळ जंगल आहे. पण आपण वाघाचंच आमिष दाखवतो आणि पाहुणा नाराज होऊन जातो. त्याला कोणी सांगतच नाही की सेमाडोह-कोलकासची एक रात्र, शहानूरवरून नरनाळ्याची चढण, हीच इथली कमाई आहे. आपल्या गावातला टूर्सवाला काश्मीर विकतो, केरळ विकतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर बुकिंगं रद्द झाली तेव्हा बरेच जण हात बांधून बसले. त्या रिकाम्या दिवसांत मेळघाटची दोन दिवसांची सहल कोणी काढली असती, तर परदेशी पाहुण्यांची वाट पाहावी लागली नसती.

म्हणून मित्रा, ते निवेदन फाड आणि नवं लिहू. माझ्या मते त्यात चारच गोष्टी पाहिजेत.

एक, हिशेब. मागच्या पाच वर्षांत पर्यटन संचालनालयानं जाहिरात आणि महोत्सवांवर विभागवार किती खर्च केला, ते जाहीर करावं. तुम्ही मागणी करा, माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकतो. दहा रुपयांची तिकीट माझी.

दोन, वाटा आणि हक्क. अमरावती विभागासाठी प्रसिद्धीची वेगळी रक्कम, आणि ती कशावर खर्चायची हे इथं ठरावं. त्या टेबलावर फक्त कलेक्टर आणि आमदार नको. लॉजवाला, जिप्सीवाला, गाईड, वनविभाग आणि कोरकू गावांच्या ग्रामसभा पाहिजेत. आपण ज्या जंगलाची जाहिरात करणार ते त्यांचं घर आहे. किती पाहुणे झेपतील हे त्यांनाच विचारलं पाहिजे.

तीन, आधी सोय, मग जाहिरात. घाटाखाली वाहनतळ, बायांसाठी वापरता येतील असे संडास, मोबाइलची रेंज. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याला मुंबईचं विमान उतरते. त्या माणसाला पुढं चिखलदऱ्याला नेणारी ठरल्या वेळेची बस पाहिजे. अकोल्याचा शिवणी विमानतळ अजून धावपट्टीच्या लांबीवर अडला आहे, तेही लिहा. आणि २०२३ चं 'आई' धोरण आहे, महिलांना पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार भरते. धारणी-चिखलदऱ्यातल्या किती बायांना ते मिळालं, ते विचारा. मेळघाटात एखाद्या बाईच्या घरी दोन खोल्या निघाल्या, तर तिच्या पोराले पुण्याच्या बांधकामावर जावं लागणार नाही. सगळ्या भांडणाचं मोल माझ्यासाठी एवढंच आहे.

चार, आपला खिसा. अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यानं २०११ मध्ये पर्यटन कार्यालयाला टाळं लावलं, तेव्हा तिथल्या हॉटेलवाल्यांनी स्वतः एकत्र येऊन संस्था काढली आणि वर्गणीवर प्रसिद्धी चालवली. आपण एका खोलीमागे दिवसाला दहा-वीस रुपये बाजूला काढू शकत नाही काय? गणपतीची वर्गणी देतोच ना. स्वतःचे पैसे टाकलेला माणूस सरकारपुढं जोरात बोलतो, आणि मग खोलीचा दर, कचरा, पार्किंग यावरही आपसांत शिस्त लावतो.

हे सगळं मित्राले फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुह्यं बरोबर आहे गड्या. पण दहा-वीस रुपये कोनी देनार नाही."

"तू देशीन काय?"

"मी देईन."

"मंग एक झाला."

तर आता असं ठरलं आहे की सोमवारचं निवेदन थांबवलं. शनिवार-रविवार धंद्याचे दिवस, म्हणून येत्या शुक्रवारी दुपारी तीनला त्याच्याच लॉजवर बसायचं. चहा त्याचा, कागद माझा. ज्यांना पहिल्या निवेदनावर सही केल्याचं आता वाईट वाटते त्यांनी या, ज्यांना माझा राग आला त्यांनी तर नक्की या. येताना पावसाळ्यातल्या शनिवारचं आपलं रेटकार्ड सोबत आणा, भांडण तिथूनच सुरू करू.

पटलं तर पुढं पाठवा. अकोट, धारणी, अंजनगावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो.